कथकच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ स्वतःच्या वेबसाइटवर: आधी फाइल, मग सर्व्हर

ताई, तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्यात आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या तुमच्या कथक वर्गाचा वार्षिक कार्यक्रम घंटाळीच्या सहयोग मंदिरात झाला. एका पालकांनी तो आयफोनवर फोर-केमध्ये टिपला आणि २० मिनिटांची, साधारण ३.५ जीबीची फाइल तुम्ही जशीच्या तशी वर्गाच्या वेबसाइटवर चढवलीत. आता व्हिडिओ सुरू व्हायलाच फार वेळ लागतो आणि बोट फिरवून पुढे नेता येत नाही, ही पहिली तक्रार. आयफोनवर नुसता काळा चौकोन दिसतो, ही दुसरी. काही पालकांना ऑफिसच्या लॅपटॉपवर घुंगरू ऐकू येतात पण चित्र दिसत नाही, ही तिसरी. होस्टिंगवाला म्हणतो, शेअर्ड प्लॅनवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट) व्हिडिओ चालतच नाहीत, व्हीपीएस (आपल्यापुरता राखीव सर्व्हर) घ्या. यूट्यूब तुम्हाला नको, कारण मुलींच्या नाचाआधी कसलीही जाहिरात लागते. शिवाय कोणी व्हिडिओ उतरवून घेऊ नये म्हणून तुम्ही एक प्लगइनही, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्रामही, बसवलंय.

व्हीपीएसचे पैसे आत्ता भरू नका. माझं रोजचं काम व्हिडिओ लोकांच्या स्क्रीनपर्यंत पोचवण्याचंच आहे, आणि अशा बहुतेक वेळा दोष फाइलमध्ये निघतो. तीच फाइल महागड्या सर्व्हरवर ठेवलीत तर तिन्ही तक्रारी तशाच राहतील, फक्त बिल वाढेल.

तिसरी तक्रार सर्वात सोपी आहे, ती आधी संपवू. आवाज येतो आणि चित्र येत नाही, हे एचईव्हीसीचं ठरलेलं लक्षण. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन जागा वाचवण्यासाठी व्हिडिओ एचईव्हीसी या पद्धतीने साठवतो. ही पद्धत चांगली आहे, पण पेटंटच्या गुंतागुंतीमुळे ब्राउझरवाले तिच्यापासून बराच काळ लांब राहिले. क्रोम २०२२ पासून ती चालवतो, पण यंत्रातल्या चिपचा आधार असेल तरच. ऑफिसचा जुना लॅपटॉप तिथेच अडतो. आवाज मात्र एएसीमध्ये असतो आणि तो सगळीकडे चालतो, म्हणून घुंगरू ऐकू येतात. वेबसाइटवर आजही डोळे झाकून टाकावा असा एकच जोड आहे: चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी, एमपीफोर फाइलमध्ये. एच.२६४ हे मानक २००३ चं आहे, म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू द्या. आजीच्या जुन्या टॅबवरही ते चालतं.

आता पहिली तक्रार. एमपीफोर फाइलच्या आत पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा एक भाग असतो, त्याला मूव्ह म्हणतात. कोणती फ्रेम फाइलमध्ये नेमकी कुठे आहे, आवाजाचा कोणता तुकडा कुठून सुरू होतो, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. चित्रीकरण चालू असताना फोनला ही यादी पूर्ण करता येत नाही, कारण किती फ्रेम येणार हेच त्याला माहीत नसतं. म्हणून तो ती सगळ्यात शेवटी लिहितो. फोनवर फाइल बघताना याने काही बिघडत नाही. वेबसाइटवर मात्र ब्राउझरला ती यादी हातात आल्याशिवाय पहिली फ्रेमही दाखवता येत नाही. तुमच्याकडे ती ३.५ जीबीच्या टोकाला बसली आहे.

एरवी ब्राउझर हुशारी करतो. तो सर्व्हरला सांगतो, मला शेवटचा तेवढा तुकडा दे. सर्व्हरला तुकडे देता येत असतील तर काम थोड्या उशिराने का होईना, निभावतं. तुमच्याकडे तेही होत नाही, आणि इथे दुसरी तक्रार येऊन मिळते.

सर्व्हरकडे फाइलचा ठरावीक भाग मागण्याला रेंज रिक्वेस्ट म्हणतात. तुकडा दिला तर सर्व्हर उत्तराला २०६ हा क्रमांक लावतो, पूर्ण फाइल पाठवायला सुरुवात केली तर २००. साधा अपाची किंवा एनजिनेक्स सर्व्हर हे काम जन्मतःच करतो, तुमचा शेअर्ड प्लॅनसुद्धा करत असणार. मग अडलं कुठे? माझा संशय तुमच्या त्या प्लगइनवर आहे. अशी प्लगइनं फाइलचा खरा पत्ता लपवतात आणि फाइल पीएचपी या भाषेतल्या एका छोट्या प्रोग्राममधून ओततात. तो लिहिणाऱ्याने रेंजचा विचार केला नसेल, तर ब्राउझरने काहीही मागितलं तरी तो पहिल्या बाइटपासून अख्खी फाइल पाठवत सुटतो. म्हणून पुढे सरकवता येत नाही. आयफोनवरची सफारी तर आणखी काटेकोर आहे. ती आधी फक्त पहिले दोन बाइट मागून बघते. तेवढेच मिळाले तर पुढे जाते, अख्खी फाइल यायला लागली तर व्हिडिओ लावतच नाही. तुमचा काळा चौकोन बहुधा हाच.

खात्री करून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये तुमचं पान उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क हा भाग निवडा आणि व्हिडिओ चालू करा. व्हिडिओच्या ओळीसमोर २०६ दिसतंय की २००, ते बघा. मग प्लगइन बंद करून तेच पुन्हा करा. २०० चं २०६ झालं तर आयफोनचा प्रश्न तिथेच सुटला.

प्लगइन काढलं तर लोक व्हिडिओ उतरवतील ही तुमची काळजी मला समजते, विशेषतः लहान मुली आहेत म्हणून. पण स्पष्ट सांगतो: जो व्हिडिओ ब्राउझरला दाखवता येतो, तो उतरवता येतोच. उजवं बटण बंद करणं, पत्ता लपवणं ही सगळी शोभेची कुलपं आहेत. ज्याला घ्यायचा आहे तो स्क्रीन रेकॉर्ड करेल. खरी काळजी दुसरीकडे घ्यायला हवी. ते पान पासवर्डमागे ठेवा, पासवर्ड पालकांच्या ग्रुपवर द्या आणि दरवर्षी बदला. मात्र नुसत्या पानाला पासवर्ड लावला तर व्हिडिओचा थेट पत्ता उघडाच राहतो, तेव्हा व्हिडिओच्या फोल्डरलाही तो लावायला होस्टिंगवाल्याला सांगा. वेबसाइटवर टाकण्याआधी प्रत्येक पालकाची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. प्रवेश अर्जातच एक ओळ वाढवलीत तर दरवर्षीची धावपळ वाचेल.

आता फाइलचं वजन. ३.५ जीबी भागिले १२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ मेगाबिट. बघणाऱ्याला न अडखळता बघायचं असेल तर त्याच्याकडे इतका वेग अखंड २० मिनिटं हवा. घरच्या फायबरवर तो मिळतो, म्हणून तुम्ही स्वतः तपासलंत तेव्हा फार त्रास जाणवला नसेल. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून मोबाइल डेटावर लावून बघा. पालक तिथेच बघणार आहेत.

यावरचा उपाय हँडब्रेक. हा मोफत प्रोग्राम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि फाइलचे सगळे दोष एकाच फेरीत काढतो. फाइल त्यात टाका. स्वरूप एमपीफोर ठेवा आणि पहिल्याच पानावरच्या ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकोनात टिक करा. एवढी टिक केली की मूव्हची ती यादी शेवटून उचलून फाइलच्या सुरुवातीला येते. लोक नेमकी हीच विसरतात. आकार ७२० पी, एन्कोडर (चित्र आवळून साठवणारा भाग) एच.२६४.

दर्जासाठी हँडब्रेक ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ सुचवतो. एरवी मीही तेच वापरतो, पण सभागृहातल्या चित्रीकरणाला नको म्हणेन. कारण सांगतो. मागे काळा पडदा, पुढे दोन दिवे. कमी उजेडात फोन संवेदनशीलता वाढवतो आणि त्या काळ्या पडद्यावर बारीक दाणे वळवळायला लागतात. डोळ्याला ते फारसे जाणवत नाहीत, पण एन्कोडर प्रत्येक दाण्याला हालचाल समजतो आणि त्यावर डेटा उधळतो. फाइल फुगते, आणि किती फुगेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ‘ॲव्हरेज बिटरेट’ निवडा, १८०० (म्हणजे सेकंदाला १८०० किलोबिट डेटा) लिहा, आणि मल्टि-पासवर टिक करा. पहिल्या फेरीत प्रोग्राम अख्खा व्हिडिओ चाळतो, दुसऱ्या फेरीत चक्करांसारख्या अवघड जागांना जास्त डेटा देतो. फिल्टरच्या पानावर हलकं डीनॉइज (ते दाणे पुसणारं फिल्टर) लावा. हलकंच, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात.

फ्रेमरेट ३० आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’ निवडा. ही गोष्ट कथकसाठी मी मुद्दाम सांगतोय. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करत राहतो. अशा फाइलवर काम करताना काही सॉफ्टवेअर गोंधळतात आणि चित्र-आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात. भाषणाच्या व्हिडिओत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तिहाई संपून पाय समेवर पडला आणि तबल्याचा ठोका क्षणभर नंतर आला, तर तुमच्या विद्यार्थिनीने चूक केली असं दिसेल. तयार झालेल्या फाइलचा शेवटचा तुकडा हेडफोन लावून तपासा. सुरुवातीला सगळं जुळलेलंच असतं.

आवाजात कंजुषी नको. घुंगरांचा आवाज म्हणजे एकापाठोपाठ एक तीक्ष्ण ठोके, आणि कमी बिटरेटवर नेमके तेच विरघळतात. तत्कार, म्हणजे पायांचं काम, पाण्याखाली चाललाय असं वाटतं. एएसी, स्टिरिओ, १९२ किलोबिट ठेवा. तासाभराला त्याने जेमतेम ८६ एमबी लागतात. वाचवायचंच असेल तर चित्रात वाचवा.

सगळं धरून सेकंदाला २ मेगाबिट झाले, म्हणजे २० मिनिटांची फाइल ३०० एमबी. मूळ फाइलच्या दहाव्या भागाहूनही कमी, आणि फोनच्या स्क्रीनवर फरक शोधून सापडणार नाही. मोठ्या टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी १०८० पीची दुसरी प्रत ३५०० बिटरेटने काढा, ती साडेपाचशे एमबीच्या आसपास होईल. पानावर ७२० पीची लावा आणि खाली ‘मोठ्या पडद्यासाठी’ म्हणून दुसरीची लिंक द्या.

त्याहून मोठी सुधारणा मात्र तंत्राची नाहीच. २० मिनिटांचा सलग व्हिडिओ तोडा. गुरुवंदना वेगळी, लहान गटाचे तुकडे वेगळे, तराणा वेगळा. पालकांना आपल्या मुलीचा नाच बघायचा असतो, आणि तो शोधण्यासाठी ते व्हिडिओ मागेपुढे ओढतात. प्रत्येक ओढीला ब्राउझर नवीन भाग मागवतो आणि आधी आलेलं फुकट जातं. चार-पाच मिनिटांच्या वेगळ्या फाइल झाल्या की निम्मं ओझं तिथेच उतरतं. हँडब्रेकमध्येच सुरुवात-शेवटची वेळ देऊन तुकडे निघतात. फाइलची नावं रोमन अक्षरांत, मोकळ्या जागा न सोडता द्या. देवनागरी नाव चालतं, पण व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्केवारीच्या चिन्हांची शेपटी होते आणि लोकांना ती लिंक खोटी वाटते.

पानावर आठ-दहा व्हिडिओ एकाखाली एक येतील, तेव्हा व्हिडिओच्या टॅगमधला ‘प्रीलोड’ ‘नन’ करा आणि प्रत्येकाला पोस्टर म्हणून एक चांगलं चित्र द्या. नाहीतर पान उघडताच सगळे व्हिडिओ एकदम डेटा मागायला लागतात. ‘प्लेजइनलाइन’ही लिहा, म्हणजे आयफोन व्हिडिओ परस्पर पूर्ण स्क्रीनवर उघडणार नाही. आपोआप सुरू होण्याच्या भानगडीत पडू नका. क्रोमने २०१८ पासून आवाजासकटचा ऑटोप्ले जवळपास बंदच केलाय, आणि लोकलमध्ये कुणाच्या फोनमधून अचानक बोलांची पढंत सुरू व्हावी अशी कुणाची इच्छा नसते.

आता सर्व्हर. होस्टिंगवाला अगदीच खोटं बोलत नाहीये. तुम्ही ग्रुपवर लिंक टाकलीत की ६० पालक एकाच संध्याकाळी, एकाच वेळी ती उघडतात. ६० गुणिले २, म्हणजे १२० मेगाबिट. शेअर्ड प्लॅनवर एका खात्याला इतकं क्वचितच मिळतं. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं, पण अटींमध्ये वाजवी वापराची ओळ असते. मात्र याला उत्तर व्हीपीएस नव्हे. वेबसाइट आहे तिथेच राहू द्या आणि फक्त व्हिडिओ ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइल साठवून पुरवणारी भाड्याची जागा) हलवा, पुढे सीडीएन, म्हणजे प्रती बघणाऱ्याच्या जवळून देणारं सर्व्हरचं जाळं. क्लाउडफ्लेअरचं आरटू हे असंच स्टोरेज साठवणीचे पैसे घेतं, बाहेर जाणाऱ्या डेटाचे घेत नाही, आणि तुमच्या वापराला हाच हिशेब सोयीचा. व्हिडिओ असे बाहेर गेले की फोल्डरचा पासवर्ड तिथे लागू होत नाही. मग थोड्या वेळाने बाद होणाऱ्या सही केलेल्या लिंक वापराव्या लागतात. ते काम वेबसाइट बनवणाऱ्याकडून करून घ्या. एक सावधगिरी: मोफत सीडीएनच्या मागे आपल्याच होस्टिंगवरचे मोठे व्हिडिओ लपवून चालवायचे, हा सल्ला कुणी दिला तर आधी अटी वाचा. अनेकांच्या अटींत व्हिडिओ वगळलेला असतो.

होस्टिंगच्या पॅनलमध्ये सर्व्हर कुठल्या देशात आहे तेही बघून घ्या. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती रांगेने उभ्या आहेत, आणि ठाण्यातल्या वर्गाची वेबसाइट मात्र स्वस्त प्लॅनमुळे अमेरिकेतून येत असते. तिकडे मागणी जाऊन उत्तर यायच्या एका फेरीलाच पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि व्हिडिओ सुरू होण्याआधी अशा बऱ्याच फेऱ्या होतात. मुंबईचा पर्याय असेल तर तो मागा.

तुम्ही एचएलएसबद्दलही विचारलंय. ॲपलने २००९ मध्ये आणलेली ही पद्धत आज मोठ्या सेवा सर्रास वापरतात. एकाच व्हिडिओच्या तीन-चार दर्जाच्या प्रती करायच्या, प्रत्येकीचे साधारण सहा सेकंदांचे तुकडे करायचे आणि एका यादीत त्यांचे पत्ते लिहायचे. नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या प्रतीतून उचलतो. उत्तम गोष्ट आहे, पण शेअर्ड होस्टिंगवर हाताने करायला जाऊ नका. २० मिनिटांचे २०० तुकडे, तीन प्रतींचे ६००. दोन-तीन वर्षांचे कार्यक्रम साठले की जागा शिल्लक असतानाही फाइलसंख्येची मर्यादा भरते, आणि मग त्याच खात्यावरचं ईमेल यायचंच बंद होतं. शिवाय सगळ्या प्रतींच्या कीफ्रेम (ज्यात पूर्ण चित्र साठवलेलं असतं अशा फ्रेम) एकाच क्षणी पडायला हव्यात, नाहीतर दर्जा बदलताना चित्र उडी मारतं. सर्व्हरवर त्या यादीचा फाइलप्रकार नोंदवावा लागतो, आणि बऱ्याच ब्राउझरसाठी एचएलएस-जेएस नावाची लायब्ररी जोडावी लागते. चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांना हा खटाटोप परवडत नाही. पुढे दोन-दोन तासांचे कार्यक्रम ठेवायचे झाले, तर बनी स्ट्रीम किंवा क्लाउडफ्लेअर स्ट्रीमसारखी पैसे घेणारी सेवा लावा. फाइल चढवली की बाकीचं ते करतात, जाहिरात नसते.

यूट्यूबबद्दल तुमचं बरोबर आहे. चॅनल कमाई करत नसलं तरी तिथे जाहिरात लागू शकते, आणि ‘अनलिस्टेड’ म्हणजे खासगी नव्हे, लिंक ज्याच्या हाती लागेल तो बघतो. सिनेमातल्या गाण्यावर बसवलेला नाच असेल तर तिथे हक्काचा दावाही येतो. मात्र ध्वनिमुद्रित गाण्याचे हक्क तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरही तेच असतात.

पुढच्या वर्षी थेट प्रक्षेपण करायचं म्हणताय, ते स्वतःच्या वेबसाइटवरून मुळीच नको. एखाद्या सेवेकडे प्रवाह पाठवा आणि त्यांचा प्लेअर तुमच्या पानावर लावा. त्याआधी सभागृहात जाऊन अपलोडचा वेग कार्यक्रमाच्याच वेळेला मोजा.

चित्रीकरण करणाऱ्या पालकांना मात्र आत्ताच सांगून ठेवा: आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ (म्हणजे एच.२६४) निवडायचं, एचडीआर (उजेड-सावलीचा मोठा पल्ला टिपणारी सोय) बंद करायचं आणि १०८० पीवर ३० फ्रेम ठेवायच्या. एचडीआर चालू राहिलं तर रूपांतर केल्यावर पोशाखांचे रंग धुवट दिसू शकतात. आत्ताच्या फाइललाही हे झालं असेल, म्हणून सगळ्या तुकड्यांना हात घालण्याआधी एक मिनिट काढून बघा. आवाज फोनच्या माइकवर सोडू नका. साउंडवाल्याकडून मिक्सरची लाइन एका छोट्या रेकॉर्डरमध्ये घ्या, आणि घुंगरांसाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक माइक ठेवायला सांगा, कारण त्या लाइनमध्ये पाय ऐकूच येत नाहीत.

मूळ ३.५ जीबीची फाइल पुसू नका, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. हे सगळं करूनही आयफोन काळाच राहिला तर नेटवर्कच्या त्या ओळीत प्लगइन काढण्याआधी आणि काढल्यानंतर काय दिसलं, ते दोन्ही आकडे कळवा. पुढचं निदान त्यावरच अवलंबून आहे.